फरक काहीच नाही, फक्त पंधराशे

लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्काही नाही. महाराष्ट्रात सगळ्यांत कमी वन असलेल्या जिल्ह्यांची यादी निघाली की आमचं नाव त्यात हमखास असतं. बारावीचा निकाल सोडला तर इतक्या नियमितपणे आम्ही दुसऱ्या कुठल्या यादीत येत नाही. आणि तरीही, झाड कापायची जुनी मशीन कुणाकडे तरी विकायला पडलेली नाही, असं गाव मला अहमदपूर, चाकूर, उदगीर या टापूत अजून भेटायचंय. झाडं उरली नाहीत म्हणून मशीन विकायला निघाल्या, की मशीन होत्या म्हणून झाडं उरली नाहीत, हा प्रश्न पर्यावरणवाल्यांचा. मी गिऱ्हाईक आहे. गिऱ्हाइकाच्या दुःखावर कुणी परिसंवाद भरवत नाही.

आमचं गाव लातूर आणि नांदेडच्या साधारण मध्यावर, अहमदपूरच्या बाजूला. त्यामुळे फसवून घ्यायला आम्हाला दोन शहरं उपलब्ध आहेत. वळवाच्या वाऱ्यानं बांधावरचा एक लिंब आणि दोन बाभळी आडव्या झाल्या. झाड तोडणाऱ्याला बोलावलं तर त्याचा हिशेब पिढीजात ठरलेला : लाकूड त्याचं, काटे आपले, बुंधा देवाचा. वर तो येणार कधी, तर परवा. आमच्याकडच्या परवाला तारीख नसते. "कुऱ्हाड हाये की घरात," आई म्हणाली. कुऱ्हाड आहे, खरंच आहे, दांडासुद्धा शाबूत आहे. ती चालवणारे हात मात्र चाकणला कंपनीत लागलेत आणि दिवाळीला चार दिवस येतात तेव्हा मोबाइल चालवतात. तेव्हा मशीनच घ्यायची, आणि नव्या मशीनचा भाव ऐकल्यावर जुनी घ्यायची, असं ठरलं.

कायदा आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी पत्र पाठवायला नको. झाडं तोडण्याबाबतचा महाराष्ट्राचा कायदा १९६४ चा आहे. साग, चिंच, आंबा, मोह, जांभूळ अशी त्याच्या यादीतली झाडं स्वतःच्या शेतात स्वतःच्या आजोबांनी लावलेली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. लिंब-बाभूळ त्या यादीत नाहीत, आणि माझी झाडं मी तोडलेली नाहीत, वाऱ्यानं तोडलीत. तिकडे फिलिपिन्समध्ये २००२ साली खास या मशीनसाठीच कायदा झाला. मशीन बाळगायची तर तिची सरकारदरबारी नोंद लागते. आपल्याकडे नोंद झाडाची, मशीनची नाही. जमिनीला सातबारा आहे, ट्रॅक्टरला आरसी बुक आहे, कोंबडीच्या खुराड्यावर अनुदान घेतलं तर त्याचीही फाइल असते. या मशीनला जन्मतारीख नाही, पहिला मालक नाही, दुसरा मालक नाही. असतो तो फक्त विकणारा, आणि तो नेहमी म्हणतो की मशीन त्याच्या मेव्हण्याची आहे.

आता मॉडेल. बाजारात जुन्या म्हणून ज्या मशीन सारख्या समोर येतात त्यात स्टिल या जर्मन कंपनीची एमएस १७० आणि एमएस १८० ही जोडी. दोन्ही शेजारी ठेवल्या तर त्यांना जन्म देणाऱ्या माउलीलाही ओळखता येऊ नयेत. रंग तोच, मूठ तीच, झाकण तेच, दोरी तीच. आत काय फरक आहे ते कंपनीच्या कागदावर आहे : एकीचं इंजिन ३०.१ सीसी, दुसरीचं ३१.८. पिस्टन चालतो ती नळी, म्हणजे बोअर, एकीचा ३७ मिलिमीटर, दुसरीचा ३८. स्ट्रोक दोन्हींचा २८. म्हणजे तुम्हाला रात्र रात्र झोप लागू न देणारा जो फरक आहे तो एक मिलिमीटर आहे. ताकदीतला फरक पाव किलोवॅटच्याही आत. बाभळीला तो जाणवत नाही. मी बाभळीला विचारू शकलो नाही, पण विकणाऱ्याला विचारलं.

"सर, ह्याच्यात अन् त्याच्यात काहीच फरक न्हाई."

"मग हिचे पंधराशे जास्त कशाचे?"

"ही एकशे ऐंशी हाये ना."

या उत्तरात तर्काची एकही फट नाही. मी तीन-चार दिशांनी आत शिरायचा प्रयत्न केला. एकशे ऐंशी हे वजन नाही, सीसी नाही, साखळी फिरते त्या पट्टीची लांबी नाही, किंमत तर नाहीच. पूर्वी याच मशीनवर ०१८ लिहिलेलं असायचं. नंतर कंपनीनं शून्य पुढून उचलून मागे नेलं. एवढी प्रगती एखाद्या आकड्याची मी फक्त निवडणुकीच्या आश्वासनांत पाहिलीय. आमच्या पुतण्याचा तर ठाम समज आहे की ०१८ ही लहान मुलांची मशीन असणार, कारण अठरा म्हणजे एकशे ऐंशीचा दहावा हिस्सा. तो अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

बरं, ही एकच जोडी असती तर माणूस नाणं उडवून मोकळा झाला असता. २१०, २३० आणि २५० ही तिळी भावंडं वेगळीच. अंगकाठी एक, आत ३५.२, ४०.२ आणि ४५.४ सीसी. इथे निदान आकडा चढतो तशी ताकद चढते, म्हणून थोडा दिलासा वाटतो. मग लक्षात येतं की बाहेरचं झाकण तिघींना एकमेकींचं बसतं आणि आकडा लिहिलेला असतो तो झाकणावर. हुस्कवर्नाच्या ४३५ आणि ४४० चा प्रकार आणखी तात्त्विक आहे. दोन्हींचं इंजिन ४०.९ सीसी. एक १.६ किलोवॅट देते, दुसरी १.८. ही कंपनी १६८९ साली स्वीडनच्या राजासाठी बंदुका करायला निघाली होती. सव्वातीनशे वर्षांच्या अनुभवानंतर तिनं एकाच इंजिनाला दोन आकडे दिले असतील तर त्यामागे काही विचार असणार. तो विचार आमच्या तालुक्यापर्यंत पोचलेला नाही, एवढंच.

आणि या सगळ्यांच्या पलीकडे ती मशीन, जिला कंपनीच नाही. तिच्यावर नाव असतं, पण ते दर वेळी वेगळं. रंग नारिंगी, कारण नारिंगी म्हणजे चांगली मशीन हे सगळ्यांना पाठ आहे. एकाच साच्यातून निघालेलं धूड ५२, ५८, ६२ असे आकडे लावून विकतात; नवी कोरी दहा हजारांच्या आत दारात येते. तिची जुनी विकणारा माणूस आकडा सांगताना आवाज चढवतो. "अठ्ठावन सीसी हाये मामा, तुमची ती जर्मन तीस सीसी." म्हणजे जवळपास दुप्पट. हिशेब बरोबर आहे. अठ्ठावन हा आकडा इंजिनानं नाही, स्टिकरवाल्यानं ठरवलाय ही बारीक गोष्ट सोडली तर. गंमत अशी की या मशीनच्या बाबतीत मला कधी दोन मॉडेलांत गोंधळ झाला नाही, कारण मॉडेलच नव्हतं. मन किती शांत राहतं.

लातूर आणि नांदेडच्या विकणाऱ्यांत मात्र खरा फरक आहे आणि तो कंपनीच्या कुठल्याही कागदावर नाही. लातूरला मला पाहताच सगळे सर म्हणतात. पॅन्ट घातलेला आणि चष्मा लावलेला माणूस म्हणजे शिकवणीवाला, हे तिथे गृहीत आहे. गंजगोलाईच्या गोल बाजारपेठेतून सोळा रस्ते फुटतात आणि त्यातल्या कुठल्याही रस्त्यानं गेलं तरी शेवटी एक माणूस भेटतो जो म्हणतो, "सर, ही घरगुती मशीन हाये. हिनं साग बघितलेलाच न्हाई." निव्वळ शेवग्याच्या फांद्या, कधीमधी सुबाभूळ. मालक शिक्षक, मशीन पेटीत, पेटी कपाटात. एवढी सोवळी मशीन मी वापरू तरी कशी, असं वाटायला लागतं.

नांदेडला तोच मुद्दा उलटा करून मिळतो. "किनवटच्या सागावर चाललेली मशीन हाये भाऊ! हिला बाभूळ म्हणजे काकडी." किनवट-माहूरकडे सागाचं रान खरोखर आहे, आणि तिथे चाललेली मशीन कुणाच्या परवानगीनं चालली हे मी विचारणार नव्हतो, विचारलंही नाही. लातूरची मशीन कमी चाललीय म्हणून महाग, नांदेडची भरपूर चाललीय म्हणून महाग. दोन्हीकडचा भाव शंभर रुपयांच्या आत सारखा निघाला. या दोन शहरांत इतर कुठल्याही बाबतीत, अगदी नवं विभागीय आयुक्तालय कुठे व्हावं या बाबतीतसुद्धा, इतकं एकमत झालेलं मला आठवत नाही.

खरेदी-विक्रीची अक्कल या भागाला नाही असंही नाही, आणि मला राग त्याचाच येतो. उदगीर तालुक्यातला हाळी-हंडरगुळीचा बैलबाजार बघा, किंवा नांदेडच्या रस्त्यावरची माळेगावची खंडोबाची यात्रा बघा. बैल घेणारा पहिल्यांदा जबडा उघडतो. दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला : वय तोंडात लिहिलेलं असतं आणि त्यावर कुणाला दुसरं स्टिकर लावता येत नाही. देवणी म्हटलं तर त्यातही वानेरा, बालंक्या की शेवेरा हे पोरगंसुद्धा लांबून सांगतं. लाल कंधारीला देवणी म्हणून विकायला कुणी धजावणार नाही. बैल चालवून दाखवतात, झुंपून दाखवतात. मारका असेल तर विकणारा स्वतःहून सांगतो, कारण पुढच्या बाजारी त्याला त्याच झाडाखाली बसायचं असतं. सौदा रुमालाखाली बोटांवर होतो, पण माल उघड्यावर असतो. मशीनच्या बाजारात बरोबर उलटं : भाव सगळ्या गल्लीला ऐकू जातो आणि माल झाकलेला.

या मशीनलाही दात आहेत, साखळीभर आहेत. पण वय त्यांवरून कळत नाही, कारण विकायच्या आदल्या दिवशी साखळी नवी टाकलेली असते. वय कळतं ते सायलेन्सर काढल्यावर. दोन-तीन नट ढिले केले, सायलेन्सर बाजूला घेतला आणि दोरी हळू ओढली की धूर बाहेर पडायच्या भोकातून पिस्टन वरखाली होताना दिसतो. तो गुळगुळीत असला तर मशीन जिवंत. त्यावर उभ्या रेघा ओरबाडलेल्या असतील तर कुणीतरी तिला ऑइलशिवाय पळवलेलं आहे आणि १७० की १८० हा प्रश्न संपलेला आहे. पाच मिनिटांचं काम. या पाच मिनिटांची मागणी मी केली की समोरच्याच्या चेहऱ्यावर जे भाव येतात ते मी एरवी फक्त मुलीकडच्यांनी पगाराची स्लिप मागितल्यावर पाहिलेत.

"खोलायचं काहून सर? चालू मशीन हाये."

"आत बघायचंय."

"आत काय ऱ्हातंय? इंजिनच की."

दुसरी साधी परीक्षा अशी, की मशीन बंद असताना दोरीच्या मुठीला धरून उचलायची. आतला दाब चांगला असेल तर मशीन दोरीवर अडखळत, सावकाश खाली येते. दाब गेलेला असेल तर सरळ पायावर. ही परीक्षा करताना बूट घालावेत. माझ्या हातात मुठीला लटकलेली मशीन बघून एका ठिकाणी आतून म्हातारी बाहेर आली आणि म्हणाली, "लेकराच्या कानाला धरल्यावानी काय धरलाव तिला?" सौदा तिथेच बारगळला, आणि दोष मशीनचा नव्हता असं मानायला मी तयार आहे.

यापुढचा अध्याय चालू करून दाखवण्याचा. थंड मशीन किती दोऱ्यांत सुरू होते त्यावर तिची तब्येत कळते. पण थंड मशीन हा प्रकार मराठवाड्यात अस्तित्वात नसावा. मी फोन करून, वेळ ठरवून जातो; पोचतो तेव्हा मशीन पहिल्याच दोरीत सुरू होते आणि माणूस माझ्याकडे असा बघतो की आता टाळ्या वाजवा. मी हात लावतो तर झाकण तापलेलं.

"मशीन गरम कशी?"

"ऊन लई हाये सर."

पौष महिना होता, सकाळचे साडेसात, आणि हे बोलताना त्यांनी कानटोपी घातलेली होती.

एकदा सुरू झाली की ती बंद करू देत नाहीत, ही त्यातली पुढची कला. मशीन घोंगावत असताना तुम्ही प्रश्न विचारायचे आणि त्यांनी हाताच्या खुणांनी उत्तरं द्यायची. मी विचारलं, किती वर्षं वापरली? त्यांनी दोन बोटं दाखवली. दोन वर्षं, दोन हंगाम की दुसरा मालक, हे आजही माझ्यासाठी खुलं आहे.

मग ऑइल. या दोन-ठोक्यांच्या इंजिनाला वेगळी ऑइलची टाकी नसते. पेट्रोलमध्येच कालवून द्यावं लागतं, चांगलं ऑइल असेल तर पन्नासाला एक, म्हणजे लिटरमागे वीस मिलिलिटर. लूना, राजदूत आणि जुन्या चेतकच्या काळात हे ज्ञान प्रत्येक घरात होतं. पंपावरचा माणूस न विचारता कालवून द्यायचा. त्या गाड्या गेल्या आणि ज्ञान अंदाजावर आलं.

"ऑइल किती टाकता?"

"झाकणभर."

"कुठल्या बाटलीचं झाकण?"

"आता ते, सर, जी बाटली आसंल तिचं."

दुसऱ्या एका गृहस्थांचं शास्त्र रंगावर आधारलेलं होतं. पेट्रोल हिरवट दिसलं की बास. ढगाळ दिवशी काय करता, हे मी विचारायला हवं होतं, पण तेवढ्यात चहा आला. साखळीला लागणाऱ्या ऑइलच्या बाबतीत मात्र नांदेडपासून लातूरपर्यंत एकच सिद्धांत आहे : ट्रॅक्टरचं जळकं ऑइल. "फुकट मिळायलंय की." त्यातला चिखल बारीक पंपात बसतो, पंप थांबतो, कोरडी साखळी पट्टीला खाते, आणि मग पट्टी बदलली हे जाहिरातीत गुण म्हणून येतं : नवीन पट्टी टाकलेली.

अलीकडे सगळ्या रोगांचं एकच निदान निघालंय, इथेनॉल. २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं. हातानं कार्ब्युरेटर जुळवायच्या मशीनना दहा टक्क्यांपलीकडे इथेनॉल सोसत नाही असं कंपन्यांच्या पुस्तिकेत असतं. पेट्रोल टाकीत महिनोन् महिने पडून राहिलं की इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, नळ्या ताठ होतात, हे खरंच आहे. पण म्हणून तुटलेली मूठ, हरवलेलं झाकण आणि वाकलेली पट्टी हीसुद्धा इथेनॉलनं? एकानं तसं सांगितलं. आणि हे इथेनॉल येतं कुठून? लातूरच्या उसातून. पाणी रेल्वेनं मिरजेहून आणावं लागलं तो २०१६ चा उन्हाळा विसरून लावलेल्या उसातून. म्हणजे विहिरीचं पाणी उसाला, उसाचं इथेनॉल पेट्रोलला, पेट्रोल मशीनला, मशीन बांधावरच्या झाडाला आणि मग पाऊस का पडत नाही म्हणून बैठक. इतकं सुबक वर्तुळ आमच्या भागात दुसरं काहीच झालेलं नाही, गंजगोलाई धरून.

मशीनच्या पुढच्या मुठीसमोर एक आडवा पंजा असतो. तो हाताचं रक्षण करतो आणि मशीन उसळली तर साखळी क्षणात थांबवतो. ही साखळी सेकंदाला वीस मीटरच्या आसपास पळते, म्हणजे ताशी सत्तर किलोमीटर. आमच्या मार्गावरच्या एसटीला हा वेग उतारावरसुद्धा परवडत नाही. मी पाहिलेल्या मशीनपैकी बहुतेकींचा हा पंजा गायब होता.

"तो कुठाय?"

"मधी मधी करत व्हता, काढून टाकला."

हे सांगणाऱ्या माणसाच्या पायात स्लीपर होती आणि डाव्या हाताची करंगळी अर्धी होती. मी करंगळीबद्दल विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं : "ते मशीननं न्हाई, ते कडबा कुट्टीनं."

मिस्त्री सोबत न्यावा, असा सल्ला मला सगळ्यांनी दिला. मिस्त्री दोन. लातूरचा मिस्त्री म्हणतो, नांदेडची मशीन म्हणजे आधीच तिथल्या मिस्त्रीनं खोललेली, घेऊ नका. नांदेडचा मिस्त्री म्हणतो, लातूरला मशीन खोलायला कुणाला येतच नाही, घेऊ नका. बघायचे पैसे दोघंही घेत नाहीत. खोलायचे घेतात, आणि खोलल्यावर बसवायचे वेगळे घेतात. १७० आणि १८० यांतली कुठली घ्यावी, या प्रश्नावर एकानं मान खाली घालून बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, "दोन्ही सारख्याच, पण एकशे सत्तर घेऊ नका." दुसऱ्यानं तोडगा सांगितला : १७० घ्या, तिला १८० चा बोअर-पिस्टन टाकून देतो, वर स्टिकर लावून देतो. पिस्टनचे पैसे, मजुरीचे पैसे, स्टिकर फुकट. बेरीज केली तर पंधराशेच्या पुढे जात होती. पण तोडगा तांत्रिकदृष्ट्या निर्दोष होता, आणि त्या दिवसापासून मी बाजारात १८० लिहिलेली मशीन दिसली की तिच्यावर नात्यातल्या माणसासारखा विश्वास ठेवत नाही.

मशीनच्या साखळीची एक गोष्ट सांगतात. अमेरिकेतल्या ओरेगनमधला जो कॉक्स नावाचा लाकूडतोड्या १९४६ साली एका बुंध्यात लाकूड पोखरणारी अळी पाहत बसला. ती डावी-उजवीकडे जबडा चालवत उभ्याआडव्या रेषांना न जुमानता लाकूड खात होती. त्यानं तसेच दात साखळीला बसवले आणि पुढच्याच वर्षी कारखाना काढला; आजची जगभरातली साखळी त्याच दातांची. आमच्याकडे अळ्यांची कमतरता कधीच नव्हती. घाटेअळी आहे, बोंडअळी आहे, लष्करी अळी आहे. आम्ही अळी दिसली की फवारा मारतो आणि नुकसानीचे फोटो काढून तलाठ्याला पाठवतो. बसून बघायला कुणाला वेळ आहे?

शेवटी मशीन घेतली. कुठली घेतली ते सांगत नाही, कारण सांगितलं की दुसरी चांगली होती हे कळतं. आतापर्यंत ज्यांना सांगितलं त्या प्रत्येकानं हातातला चहाचा कप खाली ठेवून, दुखवट्याला आल्यासारखं, "आधी इचारलं असतं तर..." असं वाक्य सुरू केलंय. यातल्या दोघांना मी आधी विचारलं होतं. एकानं त्या वेळी सांगितलं होतं, "दोन्ही सारख्याच."

लिंब अर्धा कापून झाला तेव्हा साखळी बदलायची वेळ आली. सोळा इंची पट्टीची साखळी द्या, असं दुकानात म्हटलं. दुकानदारानं विचारलं, किती कड्यांची? सोळा इंच म्हणजे सोळा इंच अशी माझी समजूत. ती इथवरच्या सगळ्या व्यवहारांतून टिकलेली एकमेव समजूत होती. तर सोळा इंची पट्टीला एका कंपनीत ५५ कड्या लागतात आणि दुसरीत ५६. पट्टी दिसायला तीच, लांबी तीच, रंग तोच.

"आपल्याकडं छप्पनची हाये," दुकानदार म्हणाला.

"मला पंचावन्नची लागेल बहुतेक."

"मग छप्पनच न्या. एक कडी काढून देतो." त्यानं ऐरण पुढे ओढली. "काढायचे पन्नास रुपये वेगळे. कडी तुम्हीच घेऊन जा."